आमनेचे मानकरी

बुलढाणा जिल्ह्यात पूर्णा नावाच्या दोन नद्या आहेत आणि त्या एकमेकींकडे पाठ करून वाहतात. एक सातपुड्यातून उतरते, वऱ्हाडच्या सपाट काळ्या रानातून पश्चिमेकडे जाते आणि चांगदेवजवळ तापीला मिळते. दुसरी अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, घाटावरच्या खडकाळ मुलखातून वाट काढते आणि पुढे परभणीच्या बाजूला गोदावरीत जाते. आमच्या भागात हिला खडकपूर्णा म्हणतात. मधल्या डोंगररांगेनं जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. माणसंही तसंच बोलतात: हा घाटाखालचा, तो घाटावरचा. एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस काही अरबी समुद्राला जातो, काही बंगालच्या उपसागराला. देऊळगाव राजा हे घाटावरचं गाव, आणि गावाला लागून वाहणारी आमना हे गोदावरीच्या खोऱ्यातलं पाणी.

आमना लहान आहे. पावसाळ्यात दोन-चार दिवस गढूळ लोंढा येतो, दिवाळीपर्यंत पाणी निवळतं, आणि उन्हाळ्यात काळ्या खडकांच्या मधले डोह तेवढे उरतात. निदान पूर्वी उरायचे. तरी गाव बसलं ते हिच्यासाठी. माझी आजी म्हणायची, "नदी आपल्या दारी नाही आली बाप्पा, आपण तिच्या दारी आलो." गावाचा इतिहास मी पहिल्यांदा ऐकला तो अशा बोलण्यातून. आजी, आबा, शेजारचे कोष्टी आजोबा आणि नदीच्या खालच्या अंगाला राहणारे एक वृद्ध गुरुजी ही माझी इतिहासाची पहिली माणसं. पुढे ग्रंथ वाचले, गॅझेटियर चाळलं. ग्रंथांत राजे, लढाया, तह आणि जहागिरी होत्या. म्हाताऱ्यांच्या बोलण्यात पाणी, दोर, धान्य आणि नाणी होती. या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या तेव्हा कुठे मला माझं गाव समजायला लागलं.

आमच्या परिसरातल्या कितीतरी गावांच्या नावाला 'राजा' जोडलेला आहे: सिंदखेड राजा, मेहुणा राजा, आडगाव राजा, किनगाव राजा. हा सगळा जाधवरावांचा मुलूख. जवळच्याच सिंदखेडला लखुजी जाधवांचा वाडा, आणि तिथेच १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला. १६२९ साली निजामशहानं लखुजीराजांना देवगिरीच्या किल्ल्यात दरबाराला बोलावलं आणि तिथे त्यांची, दोन मुलांची आणि एका नातवाची हत्या केली. एका दिवसात घरातल्या तीन पिढ्या कापल्या गेल्या. सिंदखेडला लखुजीराजांची भव्य समाधी आहे. तिच्यासमोर उभं राहिलं की आबा टोपी काढायचे. ते फार बोलत नसत, पण एवढं नक्की सांगायचे की शिवाजीराजांना स्वराज्याची गोष्ट सांगणाऱ्या आईनं आधी स्वतःच्या माहेराची ही गोष्ट पचवली होती.

घराणं संपलं नाही, ते पसरलं. देऊळगावला त्याची एक शाखा नांदली. इथलं जुनं गाव देऊळवाडी नावाची लहानशी वस्ती होतं असं म्हातारी माणसं सांगत. जाधवांनी इथे ठाणं केलं, वाडा बांधला, गावाला कोट आणि वेशी आल्या. सतराव्या शतकात बालाजीचं मंदिर उभं राहिलं. मंदिराची परंपरा त्यासाठी राजे जगदेवराव जाधवांचं नाव आदरानं घेते. वऱ्हाडात आणि मराठवाड्यात आजही तिरुपतीचा नवस इथे फेडता येतो अशी श्रद्धा आहे, आणि आश्विनात त्यासाठी लांबलांबून माणसं येतात.

घाटावरचा हा प्रदेश दख्खन आणि उत्तरेच्या वाटेवरचा. त्यामुळे फौजा चुकल्या नाहीत. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी आमच्याच परिसरातल्या साखरखेर्ड्याला निजाम-उल-मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई झाली. मुबारिजखान पडला आणि हैदराबादच्या आसफजाही राजवटीचा पाया तिथे घातला गेला. १७५७ च्या अखेरीस पेशव्यांच्या आणि निजामाच्या फौजा सिंदखेडला भिडल्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळ असईच्या लढाईत वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांचा पराभव केला. ही सगळी ठिकाणं बैलगाडीच्या वाटेवरची. इतिहासकार विचारतात, कोण जिंकलं. आजीच्या सासरच्या आठवणीत प्रश्न वेगळा होता: फौज किती दिवस राहिली? कारण फौज उतरायची ती पाण्याच्या काठावर. हजारो माणसं, घोडे, बैल आणि हत्ती पाणी पिऊन गेले की डोहाचा तळ दिसायचा आणि उभं पीक वैरण म्हणून कापून नेलं जायचं. म्हणून घराघरांत जमिनीखाली पेवं होती. ज्वारी पेवात भरायची, तोंड लिंपायचं, वर शेणानं सारवायचं. कुठल्या घरात पेव कुठे आहे हे सुनेला लगेच सांगत नसत. पहिलं मूल झाल्यावर सासू तिला ती जागा दाखवायची. आजीला तिच्या सासूनं दाखवलेलं पेव तोपर्यंत बुजवलेलं होतं, पण जागा मात्र पिढीकडून पिढीकडे सांगितली गेली. राजवटी बदलताना सामान्य घरांनी जीव कसा वाचवला, हे मला कुठल्याही लढाईच्या वर्णनात इतकं स्पष्ट सापडलं नाही.

१८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्याच सुमाराला, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, जाधवांच्या जहागिऱ्यांनाही उतरती कळा लागली. राजांचं राज्य गेलं. बालाजीचा उत्सव मात्र चालू राहिला, आणि तो कसा टिकला ही मला गावातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वाटते.

घटस्थापना झाली की गाव बदलतं. घरोघरी लेकी आलेल्या असतात, अंगणात भुलाबाई बसलेली असते, संध्याकाळी गाणी आणि खिरापत. मंदिरापुढे लाटा उभ्या करायचे दिवस जवळ येतात. लाट म्हणजे सागवानाचा अजस्र खांब. अशा अनेक लाटा माणसांच्या खांद्यांवरून येतात, दोरांनी ओढून उभ्या केल्या जातात, एकमेकींना जखडल्या जातात आणि त्यांच्यावर मंडप चढतो. हे सारं हातांनी. 'गोविंदा'च्या गजरात दोर ताणले जातात तेव्हा लाटेला हात लावायला माणसं जिवाचं रान करतात. दसऱ्याला पालखी निघते, सीमोल्लंघन होतं, कोजागिरी येते आणि लळितानं यात्रा संपते.

आबांकडून ऐकलेली यात्रा मात्र गजराच्या आधी सुरू व्हायची. कुठला दोर कुणी वळायचा, तो कुठल्या डोहात भिजत घालायचा, कुणी तपासायचा. मशाल कुणाच्या घरची, वाजंत्री कुणाची. पालखीच्या वाटेवर सडा कुणी घालायचा. आलेल्या माणसांना पाणी कुठल्या आळीनं पाजायचं. प्रत्येक कामाला एक घर बांधलेलं होतं. त्या घराचा तो मान. मान म्हणजे फेटा आणि नारळ एवढंच आबांना ठाऊक नव्हतं. वर्षभर ते काम आपल्या डोक्यावर आहे हे ठाऊक असणं, ही त्यांची मानाची कल्पना. "ज्याचा मान त्याची झोप उडाली पाहिजे," असं ते म्हणायचे. आजारी पडलं तर मुलानं, मुलगा परगावी असेल तर पुतण्यानं ते काम करायचं. सनद गेली, जहागिरी गेली, सरकारं बदलली, पण दोर वळायचा चुकला नाही. कारण तो राजाच्या हुकमावर वळला जात नव्हता. एका घराच्या अब्रूवर वळला जात होता.

कोष्टी आजोबांच्या गोष्टीत नदी आणखी जवळ यायची. त्यांच्या तरुणपणी आळीत माग खटखटत. सूत भिजवायला, रंगवलेलं सूत धुवायला आमनेचं पाणी. सकाळी पांजणीसाठी, म्हणजे सुताला खळ द्यायला, सुताचे लांबच लांब ताणे पसरलेले, त्यांच्यावरून कुंचा फिरवणारे बाप-लेक. रंगाचं पाणी खालच्या डोहात जाऊ नये म्हणून सूत धुवायची जागा ठरलेली होती, तशी परटाची ठरलेली, कुंभाराची माती उचलायची ठरलेली, गुरं बसायची ठरलेली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप लावायचं आणि पोळ्याच्या सकाळी सगळ्या गावाचे बैल नदीत. उन्हाळ्यात वाळूत झिरे खणायचे. हातभर खड्डा केला की पाणी पाझरून वर यायचं. आजी सांगायची की झिऱ्याचं पाणी वाटीनं काढायचं, कळशी बुडवायची नाही, आणि आपली कळशी भरली की झिरा तसाच टाकायचा नाही. कडेची वाळू सारखी करून, मागच्या बाईला जागा देऊन निघायचं. कुणी नियम लिहिले नव्हते. पण झिरा ढासळला तर तो कुणाच्या हातून ढासळला हे सगळ्या पाणवठ्याला कळायचं.

आमच्या गावाचं आणखी एक वैशिष्ट्य आज नकाशावर दिसत नाही. देऊळगाव राजा हे सरहद्दीवरचं गाव होतं. अलीकडे इंग्रजांचा वऱ्हाड, पलीकडे काही कोसांवर निजामाचं राज्य, ज्याला सगळे मोगलाई म्हणत. सर्वांत जवळचं मोठं शहर जालना, आणि ते मोगलाईत. आमची कचेरी बुलढाण्याला, राजधानी नागपूरला. सोयरीक आणि बाजार मात्र जालन्याला. रेल्वेनंही गावाला असंच मध्ये ठेवलं. खामगावला १८७० मध्ये रेल्वे आली ती कापसासाठी. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा झाला होता. जालन्याला विसाव्या शतकाच्या तोंडावर निजामाची रेल्वे आली. खामगाव–जालना जोडणाऱ्या मार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासून चालत आली. आबांच्या वडिलांनी ती ऐकली, आबांनी ऐकली, आम्हीही ऐकत मोठे झालो.

सरहद्द म्हणजे करोडगिरीचा नाका. इकडचा माल तिकडे नेताना जकात. नाणं वेगळं: आपल्याकडे कलदार, तिकडे हाली. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार. बाजाराला जाणारी प्रत्येक बाई हा हिशेब बोटांवर करायची. आजी शाळेत गेली नव्हती, पण सातास सहाचं गणित तिला मरेपर्यंत पाठ होतं, कारण तिच्या माहेरची भाऊबीज हालीत यायची आणि सासरचा किराणा कलदारात भरायचा. तिकडे कचेरीची भाषा उर्दू, इकडे मराठी. तिकडच्या मामेभावांना उर्दू लिहिता यायचं, इकडच्या आत्तेभावांना नाही. एकाच घरातली मुलं दोन राज्यांत दोन लिप्या शिकत होती आणि दिवाळीला एकाच पंगतीत जेवत होती.

१५ ऑगस्ट १९४७ ला आमच्या गावात तिरंगा लागला. जालन्यात लागला नाही. पुढचे तेरा महिने आजीच्या आयुष्यातले सर्वांत अवघड होते. माहेर पलीकडे. रझाकारांच्या बातम्या रोज यायच्या, निरोप मात्र यायचे नाहीत. मग रात्रीच्या गाड्या येऊ लागल्या. बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढून ठेवलेल्या, गाडीत म्हातारी माणसं, लेकरं, एखादी पेटी. नदीकाठच्या मोकळ्या जागेत लोक उतरायचे, कारण पाणी तिथे आणि सावली तिथे. गल्लीतल्या बायकांनी भाकरी वाटून घेतल्या. इथेही आपोआप मान ठरले: या घरानं पीठ, त्या घरानं सरपण, तिसऱ्यानं लेकरांसाठी दूध. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस कारवाई सुरू झाली, १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली आणि सरहद्द एका आठवड्यात निरर्थक झाली. आजी माहेरी गेली ती करोडगिरीच्या रिकाम्या नाक्यावरून. तिच्या गोष्टीचा पुढचा भाग ती हळू आवाजात सांगायची. कारवाईनंतर मराठवाड्यात अनेक ठिकाणी निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. तिच्या माहेरच्या शेजारचं एक कुटुंब घरदार टाकून गेलं आणि परत आलं नाही. भाकरी देणाऱ्या हातांची गोष्ट सांगताना ती या माणसांनाही विसरत नसे. दोन्ही गोष्टी सांगितल्या तरच ती खरी, असं तिचं म्हणणं होतं.

दुःखाच्या गोष्टी नदीशी बांधलेल्या होत्या. छप्पनचा दुष्काळ, म्हणजे १८९९–१९०० चा, आजीच्या सासूनं पाहिलेला. आमना तळापर्यंत आटली, माणसं तरोट्याची भाजी उकडून खात, आणि खडी फोडायच्या कामावर जाताना वाटेतच काही बसून राहत. प्लेगात गाव ओस पाडून लोक शेतात झोपड्या घालून राहिले. १९१८ ला मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ, आली. दिवसाला इतकी प्रेतं जायची की नदीकाठी सरणाला लाकूड पुरेना. १९७२ चा दुष्काळ तर मी ज्यांच्या मांडीवर वाढलो त्या सगळ्यांनी भोगलेला. परदेशातून आलेल्या लालसर मिलोच्या भाकरी, लेकरांना सुकडी, आणि रस्त्याची, पाझर तलावाची कामं. त्या अनुभवातूनच महाराष्ट्रानं १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला आणि मागेल त्याला काम हा हक्क झाला. आबांनी खोदलेल्या तलावावरून जाताना ते दरवेळी गाडी थांबवायचे. त्या पाण्यात आपल्या घामाचा वाटा आहे, हे त्यांना लेकरांना दाखवायचं असायचं.

इतकं सांगून थांबलो तर आमनेची गोष्ट अर्धीच राहील. उरलेली मला गुरुजींनी सांगितली.

गुरुजी नदीच्या खालच्या अंगाला राहायचे, कारण त्यांचे पूर्वज तिथेच राहू शकत होते. ठरलेल्या जागांची जी व्यवस्था आजी अभिमानानं सांगायची, तिच्यात त्यांच्या माणसांची जागा सर्वांत शेवटी होती. वरच्या आळ्यांचं पिऊन, धुऊन, गुरं पाजून उरलेलं पाणी त्यांच्या पाणवठ्यावर यायचं. गावची राखण, दवंडी, मेलेलं ढोर ओढणं ही कामं त्यांच्या माथी. तीही पिढीजातच होती. त्यांना मात्र मान नव्हता. गुरुजींच्या आईनं भर पावसाळ्यात, नदी दुथडी भरलेली असताना, प्यायच्या पाण्यासाठी विहिरीपासून दूर उभं राहून वाट पाहिलेली होती. कुणी वरून ओतलं तर कळशी भरायची. हे सांगताना गुरुजींचा आवाज चढत नसे. ते फक्त तारखा सांगायचे: २० मार्च १९२७, महाडचं चवदार तळं, १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. त्या विजयादशमीला नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला गेलेल्या माणसांनी परत आल्यावर ढोरं ओढणं सोडलं, बलुतं सोडलं, आणि मुलांना शाळेत घातलं. गुरुजी त्या मुलांपैकी एक.

तेच मला पहिल्यांदा मेहुणा राजाला घेऊन गेले. आमच्याच तालुक्यातलं हे गाव संत चोखामेळ्यांचं जन्मस्थान मानलं जातं. चोखोबा, पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका आणि मुलगा कर्ममेळा. एका घरात पाच कवी. पांडुरंगाला इतकी आर्त हाक मारणारी माणसं, आणि देवळाच्या पायरीपलीकडे त्यांना मज्जाव. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले. वेठीच्या कामावर असलेल्या मजुराचं मरण. नामदेवांनी त्यांच्या अस्थी ओळखून पंढरपूरला महाद्वारासमोर आणल्या असं परंपरा सांगते. गुरुजी म्हणाले, "जिजाऊंचं सिंदखेड आणि चोखोबाचं मेहुणा एका दिवसात पायी पाहून होतात. पण गावातल्या किती माणसांनी दोन्ही पाहिलीत?" हा प्रश्न मी विसरू शकलो नाही. आमच्या भूमीनं वाडा दिला आणि अभंगही दिला, आणि वारसा म्हणताना आम्ही बहुतेक वेळा वाड्याकडेच बोट दाखवतो.

आज खडकपूर्णेवर मोठं धरण आहे आणि त्याच्या जलाशयाला संत चोखासागर हे नाव आहे. ज्यांच्या जातीला पाणवठ्यावर जागा नव्हती, त्यांच्या नावाच्या पाण्यावर आता शेतं भिजतात आणि शहरांचे नळ चालतात. चांगला पाऊस झाला की धरणाचे १९ दरवाजे उघडायची वेळ येते आणि माणसं गाड्या करून पाहायला जातात. या धरणासाठी गावं उठली, जमिनी गेल्या; त्या माणसांच्या गोष्टीही कुणीतरी आत्ताच लिहून ठेवायला हव्यात. देऊळगाव आणि सिंदखेडच्या शेतकऱ्यांनी शेडनेट उभारून भाजीपाल्याचं बीजोत्पादन सुरू केलं आहे. शेजारच्या जालन्यात १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली आणि तिथल्या बियाणे उद्योगाचा हात आमच्या रानापर्यंत आला. मिरची, टोमॅटो, काकडीच्या फुलावर चिमट्यानं परागकण ठेवणाऱ्या बायका हे आजचं इथलं कसब आहे, जशी एकेकाळी पांजणी होती.

नळ आला ही मोठी मुक्ती होती. नळाला वरचं आणि खालचं अंग नसतं. आजीच्या डोक्यावरची कळशी उतरली, गुरुजींच्या आईचं वाट पाहणं संपलं. त्याबद्दल हळहळ वाटून घेणं मला अन्यायाचं वाटतं. पण त्याच वेळी एक गोष्ट घडली जिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. सुताला, कपड्याला, मातीला, बैलाला, पिण्याला, कशालाच आमना लागेनाशी झाली, आणि ज्यांचं तिच्याशी काम होतं ती सगळी घरं तिच्यापासून उठली. आज तिच्यात सांडपाणी जातं, प्लास्टिक अडकतं, पात्रात बाभळी माजतात. आजीनं सांगितलेल्या डोहांच्या जागा गाळानं भरल्या आहेत. त्याच गावात, त्याच काळात, लाटांचा दोर मात्र अजूनही वळला जातो.

गाव तेच आहे आणि माणसंही तीच. श्रद्धा कमी झालेली नाही, पैसा तर वाढला आहे. मग देवाचं काम होतं आणि नदीचं होत नाही, असं का? मला कारण एकच दिसतं. देवाच्या प्रत्येक कामाला मानकरी आहे आणि नदीच्या एकाही कामाला नाही. जे सगळ्यांचं असतं पण कुणाच्याच नावावर नसतं, ते बुजत जातं. आमना वाचवायची तर घोषणांइतकेच तिला मानकरी हवेत. आणि ते जन्मानं ठरणार नाहीत. जुन्या व्यवस्थेतली जबाबदारी आपण घ्यावी आणि तिच्यातली उतरंड चोखोबांना आणि गुरुजींच्या आईला स्मरून कायमची टाकून द्यावी.

हे स्वप्नरंजन नाही. राजस्थानात अलवर जिल्ह्यात कोरडी पडलेली अरवरी नदी गावकऱ्यांनी जोहड, म्हणजे मातीचे लहान बंधारे, बांधून वाहती केली, आणि १९९० च्या दशकाच्या शेवटी काठच्या सत्तरएक गावांनी मिळून नदीची संसद स्थापली. कुणी किती पाणी उपसायचं, कुठली पिकं घ्यायची हे ती संसद ठरवू लागली. लंडनच्या थेम्स नदीला १९५७ मध्ये तज्ज्ञांनी मृत म्हटलं होतं. सांडपाण्याच्या शुद्धीकरणावर नेटानं काम झालं आणि तिच्यात मासे परतले. लांब कशाला, २०१८ मध्ये आमच्याच जिल्ह्यात भारतीय जैन संघटनेच्या पुढाकारानं तलाव-नाल्यांतला गाळ काढायची मोठी मोहीम झाली. तलाव आणि नदीपात्रातली माती-मुरूम राष्ट्रीय महामार्गाच्या कामाला वापरायची आणि त्या बदल्यात पाणीसाठा खोल करून घ्यायचा, ही पद्धत देशभर 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून ओळखली गेली. यंत्र एकदा येतं, खोदतं आणि जातं. त्यानंतर खोदलेलं राखायला रोजचा माणूस लागतो. तो बाहेरून येत नाही.

म्हाताऱ्यांच्या गोष्टींचा उपयोग इथे आहे. कुठल्या खडकाखाली झरा होता, झिरे कुठे लागत, पूर कुठल्या पायरीपर्यंत येई, सूत धुवायचा डोह कुठला, पात्र किती रुंद होतं, हे कुठल्याही कचेरीच्या नकाशापेक्षा ऐंशी वर्षांच्या बाईला जास्त ठाऊक आहे. शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांनी वही घेऊन या माणसांपुढे बसावं. कोष्टी आळीत बसावं, बौद्ध वस्तीत बसावं, मोमीन घरांत बसावं, वाड्यातही बसावं, आणि एकाची गोष्ट दुसऱ्याच्या गोष्टीशी ताडून पाहावी. त्यातून गावाचा पुरता इतिहास तयार होईल, आणि नदीच्या कामांची यादीही. मग एकेक डोह एकेका शाळेनं, गणेश मंडळानं, बचत गटानं, महिला मंडळानं, तालमीनं आपल्या नावावर घ्यावा. यात्रेत दोराचा मान जसा सर्वांसमक्ष दिला जातो, तसा डोहाचा मान तिथेच, बालाजीच्या मंडपात द्यावा, आणि पुढच्या वर्षी त्याच मंडपात त्याचा हिशेब विचारावा.

आजी गेली, आबा गेले, गुरुजींचं बोलणं आता फार थकलं आहे. त्यांच्या पिढीतली जी माणसं अजून उंबऱ्यावर बसून दिसतात, त्यांच्याकडे आमनेचा शेवटचा पूर्ण नकाशा आहे. ती यादी याच आश्विनात लिहायला घ्यावी, आणि पहिल्या डोहापुढे पहिलं नाव आपल्यापैकी कुणीतरी आपलं लिहावं. मी माझं लिहितो आहे.